अंबाडीचा वाख आणि विमानाचा पंख

वैजापूरच्या बाजारात आज कासरा मागितला, तर दुकानदार बहुधा नायलॉनचा काढून देतो. एके काळी हा कासरा अंबाडीचा असे. ज्वारीच्या किंवा कपाशीच्या शेतात मधूनमधून अंबाडीच्या ओळी पेरल्या जात. कोवळी पाने कण्यांबरोबर भाजीला जात आणि पीक पक्व झाल्यावर कापलेल्या फोकांच्या पेंढ्या पाण्यात भिजत घातल्या जात. साल कुजून मऊ झाली, की ती सोलून, धुऊन, वाळवून तिचा वाख काढायचा आणि त्या वाखाचे चऱ्हाट वळायचे. कासरा, दावे, नाडा, शिंके असा शेतकऱ्याचा निम्मा संसार या वाखाने बांधलेला असे.

या जुन्या गोष्टीचा आणि आधुनिक विमानाच्या पंखाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु चऱ्हाट ज्या तत्त्वावर भार पेलते, जवळपास त्याच तत्त्वावर पवनचक्कीचे पाते, नौदलाच्या जहाजाचा सोनार-घुमट आणि ‘तेजस’ विमानाची कायाही उभी असते. या पदार्थांना तंतुप्रबलित संमिश्र पदार्थ म्हणतात. कारखान्यांत त्यांचे नाव ‘कॉम्पोझिट’ आणि बोलीभाषेत नुसते ‘फायबर’.

बोलीभाषेतील हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. घराच्या गच्चीवरील काळी टाकी, लग्नमंडपातील खुर्ची यांनाही आपण सर्रास ‘फायबरची’ म्हणतो. त्यांत तंतू बहुधा नसतोच. ते साधे साच्यातले प्लास्टिक असते. उलट गोठ्याच्या छपरात उजेडासाठी बसवलेला दुधी पत्रा, न्हाणीघराचा न फुगणारा दरवाजा आणि अनेक गणेश मंडळे वर्षानुवर्षे जपतात ती ‘कायमची’ मूर्ती ही खरी तंतूंची घडण. जुन्या दुधी पत्र्यावर हात फिरवला, की तळव्याला बारीक कुसे टोचून खाज सुटते. उन्हाने वरची राळ झिजलेली असते आणि आतले काचतंतू उघडे पडलेले असतात. पदार्थ कशाचा बनला आहे, हे तो म्हातारा झाल्यावर असा स्वतःच सांगतो.

या तत्त्वाचा सर्वांत देखणा पुरावा वैजापूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर वेरूळला आहे. तेथील बाराव्या क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील म्हणजे ‘तीन ताल’मधील मातीच्या गिलाव्याचे नमुने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तपासले. त्यांतील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली ताज्या वनस्पतीच्या तंतूंशी ताडून पाहिले असता ते भांगेच्या झाडाचे निघाले. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. मातीत भांगेचा हिस्सा सुमारे दहा टक्के होता. अजिंठ्याच्या गिलाव्यातही भाताचा तूस, गवत व अन्य वनस्पतींचे तंतू आहेत. भांग मात्र आढळत नाही. अजिंठ्यातील चित्रांचे किडींनी बरेच नुकसान केले असताना वेरूळचा हा गिलावा त्या मानाने का टिकला, याचे एक कारण या संशोधकांनी भांगेच्या कीडरोधक गुणात शोधले आहे.

गिलाव्यात तंतू हवेतच कशाला? ओली माती वाळताना आकसते, आकसताना तिला तडे जातात. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. तड्याची सुरुवात झाली, की तिला अडवणारे मातीत काही नसते. त्यात तंतू असला, तर तडा जेथे उघडू पाहतो तेथे तो दोन्ही काठांना धरून ठेवतो. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांसाठी पांढऱ्या मातीचा गारा तुडवताना त्यात भुसा आणि काड मिसळत, तेही याचसाठी. तुडवणाऱ्याला ताणबलाचे गणित येत नव्हते. भुसा कमी पडला तर भिंत उकलते, एवढे त्याला ठाऊक होते.

आता चऱ्हाटाकडे येऊ. वाखाचा एकेक तंतू चऱ्हाटाच्या मानाने आखूडच. तरीही त्यापासून पन्नास हात लांबीचे चऱ्हाट होते आणि ते विहिरीवरची मोट ओढते. हे कसे घडते? पिळामुळे तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि घर्षणाने एकाचा भार दुसऱ्याकडे जातो. एक तंतू जेथे संपतो, तेथे शेजारचा तंतू त्याचे ओझे उचलतो. तंतुप्रबलित संमिश्रात पिळाचे हे काम राळ करते. राळ म्हणजे रेझिन. सुरुवातीला मधासारखी दाट पातळ आणि रासायनिक क्रियेने घट्ट होणारी. ती प्रत्येक तंतूला चिकटते, त्याला जागेवर धरते, ओलाव्यापासून वाचवते आणि भार या तंतूकडून त्या तंतूकडे पोहोचवते. एखादा तंतू तुटलाच, तर तुटलेल्या जागेपासून थोड्या अंतरावर तो पुन्हा आपल्या वाट्याचा भार घेऊ लागतो, कारण राळेने त्याला सोडलेले नसते. दोरी मात्र केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. राळेने धरलेला तंतू दाबही सोसतो, आणि म्हणूनच त्यापासून तुळई करता येते, पंख करता येतो.

काच ठिसूळ असते, हा आपला रोजचा अनुभव. मग काचेच्या तंतूंनी बळकटी कशी यावी? याचे उत्तर ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने १९२० मध्ये दिले. काच कमकुवत नसते, तिच्या पृष्ठावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिला कमकुवत करतात. काचेचा धागा जितका बारीक ओढावा, तितकी मोठी चीर त्यात असण्याची शक्यता कमी. केसाहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जाडीचा काचतंतू प्रति चौरस मिलिमीटर तीनशे किलोहून अधिक भार पेलतो. बांधकामातील साधे पोलाद चाळीस-पंचेचाळीस किलोला तुटते. काचेचे वजन मात्र पोलादाच्या एक तृतीयांशच. अमेरिकेत १९३० च्या दशकात काचतंतू मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि १९५३ मध्ये शेवरोले कंपनीने ‘कॉर्व्हेट’ या मोटारीचे अंग चक्क त्यांचेच केले.

कार्बनतंतूची गोष्ट वेगळी. लोकरीसारखे स्वेटर ज्या ॲक्रिलिकचे विणतात, त्याच कुळातील धागा ताणलेल्या अवस्थेत आधी दोनशे ते तीनशे अंश सेल्सियसला हवेत तापवतात. मग नायट्रोजनमध्ये, म्हणजे प्राणवायूला मज्जाव करून, हजार अंशांच्याही वर नेतात. इतर मूलद्रव्ये वायुरूपाने निघून जातात, मागे कार्बनचे थर धाग्याच्या लांबीला समांतर लागून राहतात. तापवण्याच्या काळात धागा सैल पडू दिला, तर हे थर अस्ताव्यस्त होतात आणि हाती कोळसा येतो. हा तंतू बळकट तर असतोच, पण त्याचा खरा गुण ताठपणा. काच बळकट असली तरी लवते. एकाच दिशेने काचतंतू घातलेली पट्टी पोलादाच्या दुप्पट भार पेलेल, मात्र त्याच भाराखाली ती पोलादाच्या सुमारे पाचपट वाकेल. कार्बनची तशीच पट्टी पोलादाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या वजनात त्याच्या निम्म्याहून अधिक ताठपणा देते. विमानाच्या पंखात काच का चालत नाही आणि मासेमारीच्या होडीत कार्बनची चैन का परवडत नाही, याचे उत्तर या फरकात आहे.

आतापर्यंतचे सारे आकडे एका अटीवर खरे आहेत: भार तंतूच्या दिशेनेच यायला हवा. आडवा आला, तर चित्र पार पालटते. काचतंतूंची जी पट्टी लांबीच्या दिशेने प्रति चौरस मिलिमीटर शंभर किलो पेलते, ती आडव्या दिशेने चार किलोला उकलते, कारण तेथे भार एकट्या राळेवर आणि तिच्या चिकटण्यावर पडतो. कुऱ्हाडीचा घाव रेषेत बसला, की बाभळीचा ओंडका सहज फुटतो, तसाच हा प्रकार. लोखंडाच्या पत्र्याला दिशा नसते, संमिश्राला असते. त्यामुळे येथे अभियंत्याला आकाराइतकाच विचार दिशेचा करावा लागतो. कोणत्या ठिकाणी किती थर, प्रत्येक थर कोणत्या कोनात, हे आधी ठरवायचे. पदार्थ आधी विकत आणून मग त्याची वस्तू करायची, असे येथे होत नाही. वस्तू घडते त्याच क्षणी तिचा पदार्थही घडत असतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षिली जाणारी बाब हीच आहे. ‘फायबर मजबूत असते का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या दिशेने, किती तंतूंचे आणि कोणाच्या हातचे, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हाताचे महत्त्व पाहायचे, तर फायबरच्या मूर्ती करणाऱ्या कारखान्यात जावे. पद्धत सर्वांत जुनी, सर्वांत सोपी आणि सर्वांत बेभरवशाची. साच्याला आतून मेण चोळायचे, म्हणजे वस्तू सुटून येते. त्यावर ‘जेलकोट’चा, म्हणजे रंगीत राळेचा पातळ थर द्यायचा; मूर्तीची झळाळी ती हीच. मग काचतंतूंच्या तुकड्यांची ‘मॅट’ अंथरायची आणि पॉलिस्टर राळ ब्रशने ठोकून ठोकून तिच्यात मुरवायची. रोलर फिरवून अडकलेली हवा काढायची. पुन्हा मॅट, पुन्हा राळ. राळेत आधी कोबाल्टचे जांभळे द्रावण आणि अगदी शेवटी पेरॉक्साइडचे ‘हार्डनर’ मिसळतात. ही दोन द्रव्ये राळेविना एकमेकांत थेट ओतली, तर भडका उडतो. त्यामुळे जाणता कारागीर दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवत नाही.

उन्हाळ्यात हार्डनर कमी, थंडीत थोडे अधिक, हे प्रमाण अनुभवाने ठरते. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी डब्यातली राळ ब्रश बुडवेपर्यंत घट्ट होऊन गरम धूर सोडू लागते. अशा कामात तंतूंचे प्रमाण वजनाने तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहते आणि तेही चहूदिशांना विखुरलेले. परिणामी बळकटी प्रति चौरस मिलिमीटर दहा किलोच्या घरात येते, म्हणजे वर सांगितलेल्या शंभराच्या दशांश. मूर्तीला ती पुरेशी आहे. पण कोणी याच पद्धतीने केलेल्या जिन्याला किंवा पाळण्याला ‘फायबर आहे, काही होत नाही’ म्हणून खपवू लागला, तर सावध व्हावे.

कारागिराच्या छातीत काय जाते, हाही प्रश्न आहे. राळेतील स्टायरिनचा उग्र वास डोके धरतो. कडा घासताना उडणारी काचेची धूळ त्वचेला आणि घशाला सोलते. लहान कारखान्यांत तोंडाला बांधलेला रुमाल हाच बहुतेकदा एकमेव बचाव असतो. तो स्टायरिनची वाफ अजिबात अडवत नाही आणि बारीक धूळही पुरती रोखत नाही. वाफेसाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा आणि भिंतीत एक दमदार पंखा एवढ्याने परिस्थिती पुष्कळ सुधारते. खर्च फार नाही. करायला हवा, असे वाटणेच दुर्मीळ.

मोठ्या कारखान्यांनी हात शक्य तितका दूर केला आहे. तंतूंची दोरखंडे राळेच्या हौदातून काढून तापलेल्या साच्याच्या छिद्रातून संथपणे ओढली, की दुसऱ्या टोकाने अखंड दांडा बाहेर येतो. शेवया पाडण्यासारखेच हे, फक्त येथे ढकलण्याऐवजी ओढायचे. विजेच्या कामाच्या शिड्या, उच्चदाब वाहिन्यांवरील नव्या इन्सुलेटरांचा गाभा आणि ऑप्टिकल केबलच्या मध्यभागी असणारी ताठ काडी अशी तयार होते.

दुसरी पद्धत गुंडाळण्याची. फिरत्या साच्याभोवती राळेने भिजलेले तंतू विशिष्ट कोनात लपेटायचे. हा कोन मोठा मजेशीर आहे. दाबाखालच्या नळकांड्याच्या भिंतीवर घेराच्या दिशेने जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. हे दोन्ही ताण तंतूंनीच पेलावेत, तर तंतू अक्षाशी सुमारे ५५ अंशांनी लपेटला पाहिजे, असे गणित सांगते. इंडियन ऑइलने २०२१ मध्ये बाजारात आणलेला ‘कॉम्पोझिट’ स्वयंपाकाचा सिलिंडर याच कुळातला: आत प्लास्टिकचे अस्तर, त्यावर काचतंतूंचे वेढे, वर जाळीदार कवच. रिकाम्या सिलिंडरचे वजन लोखंडी सिलिंडरच्या जवळपास निम्मे आणि उजेडात धरले तर आत किती गॅस उरला, हे दिसते. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे आवरणही असेच गुंडाळलेले असते. तेथे काचेऐवजी केव्हलार हा तंतू वापरतात.

विमानांसाठी याहून कडक शिस्त लागते. कार्बनतंतूंची राळ आधीच मुरवलेली चादर शीतगृहात जपतात, संगणकाच्या नकाशाप्रमाणे थरावर थर रचतात, सारे पिशवीत घालून निर्वात करतात आणि ऑटोक्लेव्ह नामक अवाढव्य ‘प्रेशर कुकर’मध्ये दाबाखाली शिजवतात. ‘तेजस’च्या सांगाड्याच्या वजनात असे पदार्थ सुमारे ४५ टक्के आहेत. वैजापूरकरांना हे विमान आता फार दूरचे राहिलेले नाही. नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची नवी जुळणी-शृंखला ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. प्रवासी विमानांत बोइंग ७८७ चे निम्मे वजन संमिश्रांचे आहे. मराठी मुलखातील आणखी एक उदाहरण समुद्रावरचे आहे. युद्धनौकेच्या तळाशी सोनार यंत्राभोवती घुमट लागतो. तो लाटांचा मारा सोसणारा हवा आणि ध्वनीला पारदर्शकही हवा. धातू ध्वनीची वाट अडवतो. पुण्याच्या दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने गोव्यातील किनेको या कंपनीबरोबर संमिश्राचा असा घुमट घडवला आणि २०१६ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत तो नौदलाला मिळाला.

या साऱ्यात मला स्वतःला सर्वाधिक भावते ते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी सांगितलेले उदाहरण. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील एका अस्थिरोगतज्ज्ञाने त्यांच्या प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रासाठी केलेला हलका पदार्थ हातात घेऊन पाहिला आणि त्यांना रुग्णालयात नेले. तेथे पोलिओग्रस्त मुले तीन किलोहून जड लोखंडी कॅलिपर पायात ओढत चालत होती. काही आठवड्यांत संमिश्राचे कॅलिपर तयार झाले. वजन तीनशे ग्रॅम.

आता उणी बाजू. धातू निकामी होण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. वाकतो, पोचा पडतो. संमिश्र तसे करीलच असे नाही. पंखावर हातोडी पडली, तर वर साधा ओरखडाही दिसणार नाही, मात्र आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. अशी जागा शोधण्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रे आहेत. पण एक सोपी रीत अजूनही वापरात आहे: लहान हातोडीने किंवा नाण्याने टकटक करीत जायचे. धड जागी आवाज खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द. बाजारात माठ वाजवून घेणाऱ्या बाईला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही.

याहून अवघड प्रश्न शेवटाचा. लोखंडाची भंगारवाला किंमत देतो, वितळवून त्याचे पुन्हा लोखंड होते. काचतंतूंच्या वस्तूला भंगारवाला हात लावत नाही. पॉलिस्टर किंवा इपॉक्सी राळ एकदा घट्ट झाली, की ती पुन्हा वितळत नाही. शिजलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही, तसेच हे. आणि ज्या चिकटण्यावर पदार्थाचे सारे बळ उभे, तेच चिकटणे तंतू आणि राळ वेगळी करू देत नाही. येथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. देशातील पहिल्या पवनचक्क्यांपैकी काही १९८६ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. पुढे साताऱ्याचे वनकुसवडे पठार आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल पवनचक्क्यांनी भरून गेले. पात्यांचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षे धरतात. म्हणजे त्यांतील जुन्या यंत्रांची पाती उतरवण्याची वेळ आली आहे. दुचाकीपासून विमानापर्यंत कशातही न बसणारे हे वीस-वीस मीटरचे तुकडे कापून कोठे टाकायचे?

एक मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे. पाती कुटून भट्टीत टाकली, की राळ जळून उष्णता देते आणि काच सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळते. युरोपात हे प्रत्यक्षात चालते. तंतू मात्र त्यात कायमचा संपतो. दुसरा मार्ग राळच बदलण्याचा: सीमेन्स गमेसा कंपनीने २०२१ मध्ये अशी पाती पुढे आणली, की ज्यांची राळ सौम्य आम्लात तापवली असता सुटते. हा मार्ग नव्या पात्यांसाठी आहे. पठारांवर आधीच उभी असलेली पाती जुन्याच राळेची आहेत. जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या उभारण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आखले आणि २०२३ मध्ये सुधारले. जुनी पाती कोण, कोठे आणि कोणाच्या खर्चाने नेणार, हे प्रत्येक करारात स्पष्ट लिहून घेणे ग्रामपंचायतींच्याही हिताचे आहे. अन्यथा ती डोंगराच्या उतारावर किंवा गायरानात पडून राहतील आणि दुधी पत्र्यासारखी कुसे सोडत राहतील.

येथे पुन्हा अंबाडी आठवते. इंग्रजीत जिला केनाफ म्हणतात, ती ही वनस्पती. तिचा वाख काचेएवढा बळकट नाही, पण वजनाने काचेच्या साठ टक्क्यांच्याही आत, अंगाला न टोचणारा आणि शेवटी जाळून टाकता येण्याजोगा. मोटारीच्या दाराचे आतले अस्तर, डिकीचा तळ, सामान ठेवण्याची फळी अशा, ज्यांवर जीव अवलंबून नाही पण वजन मात्र वाढते, त्या भागांसाठी तो उत्तम ठरतो. टोयोटाने २००३ मध्ये ‘राउम’ या मोटारीत जादा चाकाचे झाकण केनाफचा तंतू आणि वनस्पतिजन्य प्लास्टिक यांचे केले होते. हीच टोयोटा बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना काढण्यासाठी पुढे आली असून २०२४ मध्ये तिच्या भारतीय कंपनीने राज्य शासनाशी सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून आहे, वाळूजला बजाज त्याहून आधीपासून. म्हणजे गिऱ्हाईक दारात आहे आणि पीक बांधावर. भांगेच्या लागवडीवर कायद्याची बंधने आहेत. अंबाडीवर तसले काही नाही.

पण म्हणून उद्याच वैजापूर तालुक्यात कपाशी उपटून अंबाडी लावावी, असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पहिली अडचण पाण्याची. वाख सुटण्यासाठी पेंढ्या दहा-पंधरा दिवस साचलेल्या पाण्यात कुजवाव्या लागतात. ते पाणी नंतर ना पिण्याचे राहते, ना जनावरांचे. नांदूर-मधमेश्वर कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात अशी चैन कोण करील? हिरव्या फोकांवरून यंत्राने साल काढून, तेवढीच थोड्या पाण्यात कुजवण्याचा मार्ग आहे. त्याला पाणी बरेच कमी लागते, पण यंत्राची गुंतवणूक एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची असते.

दुसरी अडचण तंतूच्या स्वभावाची. काचतंतू कोठेही घ्या, सारखाच. वाख मात्र पावसाप्रमाणे, जमिनीप्रमाणे आणि कुजवण्याच्या दिवसांप्रमाणे बदलतो. बुडख्याचा जाड, शेंड्याचा बारीक. तो पाणी शोषतो, त्यामुळे राळेशी नीट चिकटत नाही; त्याला आधी सौम्य क्षाराने धुवावे लागते. दोनशे अंशांच्या आसपास तो करपू लागतो, म्हणून त्याच्याबरोबर साधारण १६५ अंशांना वितळणारे पॉलिप्रॉपिलीनच जमते.

तिसरी गोष्ट बियाण्याची. आपण अंबाडी या एकाच नावाने दोन वनस्पती ओळखतो. ज्या आंबट पानांची भाजी आपल्याला प्रिय, ती बहुधा लाल अंबाडी. केनाफ ही तिची बहीण. वाख दोघींचाही निघतो आणि तागाच्या बाजारात दोन्ही ‘मेस्ता’ या नावाने विकल्या जातात, पण भाजीसाठी निवडत आलेले वाण बुटके आणि फुटव्यांचे असते, तर वाखासाठी सरळ, उंच, बिनफांदीचा फोक लागतो. बांधावरच्या भाजीचे बी पेरून कारखान्याला वाख पुरवता येणार नाही.

कापसाच्या धाग्याची लांबी, जाडी आणि ताकद मोजून त्याची प्रत ठरवण्याची व्यवस्था या देशात शंभर वर्षांपूर्वी उभी राहिली. मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये निघालेली प्रयोगशाळा, म्हणजे आजची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ‘सिरकॉट’, त्याचसाठी जन्मली. मोटारीच्या कारखान्याला अंबाडीचा वाख विकायचा असेल, तर गाठोडे उघडून हाताने चाचपून भाव करणे चालणार नाही. लांबी, जाडी, ओलावा आणि ताणबल यांचे आकडे गाठोड्यावर लिहूनच ते वैजापूरबाहेर पडावे लागेल.